डांग्या खोकला कसा ओळखायचा आणि तान्ह्या बाळापर्यंत तो पोचू नये म्हणून काय करायचं

घरात कुणाला दोन आठवडे झाले खोकला आहे, ताप नाही, दिवसा माणूस ठीकठाक हिंडतोफिरतो आणि रात्री एकदा ढास लागली की थांबतच नाही, आणि त्याच घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे, असं असेल तर आधी त्या माणसाला बाळाच्या खोलीतून बाहेर पाठवा आणि मग हे वाचा.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या बहिणीचं बाळ जेमतेम पाच आठवड्यांचं होतं तेव्हा त्याला डांग्या खोकला झाला आणि तो माझ्याकडून गेला. मला दहा-बारा दिवस खोकला होता, डॉक्टरांनी ॲलर्जी असेल म्हणून गोळ्या दिल्या होत्या, मी कामावर जात होते, दुखणं अंगावर काढत होते, आणि बाळाला बघायला गेले तेव्हा त्याला तासभर मांडीवर घेऊन बसले. आठवड्याभराने त्याला साधी सर्दी झाली, नाक वाहायला लागलं, आणि त्यानंतर चौथ्या रात्री दूध पिता पिता तो एकदम शांत झाला. खोकला नाही, रडणं नाही, काहीच नाही, फक्त ओठांभोवतीचा रंग बदलत गेला. बहिणीने उचलून पाठ चोळली तेव्हा त्याने श्वास घेतला. पुढचे नऊ दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता. आता तो शाळेत जातो, छान आहे. पण ती रात्र आमच्यापैकी कुणीच विसरलेलं नाही.

आधी हा आजार आतमध्ये नेमकं काय करतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. आपल्या श्वासनळीला आतून केसांपेक्षाही बारीक असे तंतू असतात आणि ते सतत हलत असतात, कफ आणि धूळ वर ढकलत असतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. डांग्या खोकल्याचा जिवाणू, बोर्डेटेला पर्ट्युसिस, नेमका त्या तंतूंना जाऊन चिकटतो आणि विष सोडून ते निकामी करतो. (हा जिवाणू १९०६ साली ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू या बेल्जियमच्या दोघा शास्त्रज्ञांनी वेगळा करून दाखवला.) झाडूच मोडला म्हटल्यावर चिकट कफ तिथेच साचतो आणि तो बाहेर काढायला शरीराकडे एकच उपाय उरतो, जोरजोरात खोकणं. औषधाने किंवा आपोआप जिवाणू मरतात, पण मोडलेले तंतू परत उगवायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून खोकला इतका लांबतो. चिनी आणि जपानी भाषेत या आजाराचं नावच शंभर दिवसांचा खोकला असं आहे.

लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, कधी तीन आठवडेसुद्धा. मग पहिले एक-दोन आठवडे अगदी साधी सर्दी असते, नाक गळतं, शिंका येतात, जेमतेम कणकण, हलका कोरडा खोकला. सगळी फसगत होते ती इथेच, कारण ह्या दिवसांत कुणालाही संशय येत नाही आणि माणूस सगळ्यात जास्त संसर्ग पसरवतो तोही ह्याच दिवसांत. साधी सर्दी आठवड्याभरात उतरते आणि खोकलाही कमी होत जातो. ह्यात उलटं होतं, नाक कोरडं पडतं आणि खोकला वाढत जातो. दुसऱ्या आठवड्यात खोकला कमी होण्याऐवजी वाढतोय हे दिसलं की तिथेच कान टवकारा.

त्यानंतर उबळी सुरू होतात. एक उबळ नीट बघितली असेल तर परत कधी ओळखायला चुकणार नाही. मूल खेळत असतं, एकदम थांबतं, चेहऱ्यावर घाबरल्यासारखं येतं कारण आता येणार हे त्याला कळतं, आणि मग खोकला सुरू होतो तो एकामागून एक दहा, पंधरा, वीस ठसके, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. चेहरा लाल होतो मग जांभळट, डोळे पाणावतात, जीभ बाहेर येते, मानेच्या शिरा फुगतात. छातीतली सगळी हवा संपली की शेवटी मूल जीव खाऊन हवा आत ओढतं आणि तेव्हा तो लांब 'हूऽऽप' असा आवाज येतो, आवाज खोकताना येत नाही, श्वास आत घेताना येतो. मग चिकट तारेसारखा कफ निघतो, बरेचदा उलटी होते, आणि मूल घामाघूम होऊन गळून जातं. दहा मिनिटांनी तेच मूल परत खेळायला लागतं. बाहेरच्या माणसाला वाटेल ह्याला काय झालंय, काही नाही. असं दिवसातून पंधरा-वीस वेळाही होतं आणि रात्री जास्त. हसणं, रडणं, जांभई, खाणं, थंड हवा, धूर, कशानेही उबळ सुरू होऊ शकते.

आता महत्त्वाचं. त्या 'हूप' आवाजाची वाट बघत बसू नका. मोठ्या माणसांत, टीनएज मुलांत आणि लस घेतलेल्यांत तो आवाज बहुतेक वेळा येतच नाही. मला एकदाही आला नव्हता. मोठ्यांमध्ये काय बघायचं तर खोकल्याची उबळ थांबवता येत नाही, खोकून खोकून उलटी होते किंवा ओकारी येते, रात्री दम कोंडल्यासारखं होऊन जाग येते, आणि दोन उबळींच्या मधल्या वेळात माणूस अगदी नॉर्मल असतो. कुणाच्या डोळ्यांत रक्त उतरतं, कुणाला खोकताना लघवी निसटते आणि लाजेपायी ते सांगत नाहीत, कुणाची चक्क बरगडी मोडते. खोकल्यानंतर उलटी हे लक्षण मोठ्या माणसात असेल तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा, बरेचदा ते विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही.

तान्ह्या बाळांचं गणितच वेगळं. तीन-चार महिन्यांच्या आतलं बाळ कधी कधी खोकतच नाही. त्याच्यात तेवढी ताकद नसते, त्याचा श्वासच थांबतो. म्हणून तिथे खोकल्याकडे न बघता श्वास आणि रंग बघायचा. अंगावरचं झबलं वर करून छाती-पोट उघडं ठेवा आणि उजेडात बघा. तान्ही बाळं झोपेत पाच-दहा सेकंद थांबून थांबून श्वास घेतात, तेवढं चालतं, त्याने घाबरू नका. पण श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा कमी वेळ थांबला तरी रंग बदलला, अंग ढिलं पडलं, तर ती इमर्जन्सी आहे. रंग बघताना गालावर जाऊ नका, जीभ आणि हिरड्या बघा, कारण त्वचा सावळी असेल तर गालावर काही कळत नाही पण जीभ निळसर किंवा राखाडी झाली की लगेच दिसते. दूध ओढता ओढता थकून सोडून देणं, लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले होणं, हेही धोक्याचंच.

श्वास थांबलाय असं वाटलं तर बाळाला उचला, पाठ आणि तळपाय चोळा, बहुतेकदा तेवढ्याने श्वास सुरू होतो, नाही झाला तर ताबडतोब ॲम्ब्युलन्सला फोन आणि कृत्रिम श्वास द्यायला शिकला असाल तर लगेच सुरू करा, नसाल तर फोनवरचा माणूस सांगेल तसं करा. गदागदा हलवायचं नाही, घशात बोट घालून कफ काढायला जायचं नाही. आणि श्वास परत सुरू झाला म्हणून घरी थांबायचं नाही, हॉस्पिटलला जायचंच, कारण हे परत होतं. उबळ आली तर बाळाला उभं धरा किंवा कुशीवर वळवा, डोकं किंचित पुढे, म्हणजे उलटी झाली तर ती श्वासनळीत जाणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट नक्की करा, मोबाईलवर उबळीचा व्हिडिओ काढून ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, मूल कासावीस होतंय आणि आपण शूटिंग करायचं. एकाने मुलाला धरा, दुसऱ्याने वीस सेकंद काढा, बस. कारण दवाखान्यात पोचेपर्यंत मूल शांत असतं, स्टेथोस्कोप लावला तर छाती बहुधा स्वच्छ, एक्स-रेही बहुतेकदा साफ, आणि 'साधा खोकला आहे, बरं होईल' म्हणून परत पाठवतात. बहिणीच्या बाळाच्या वेळी दोन ठिकाणी असंच झालं आणि तिसऱ्या ठिकाणी व्हिडिओ दाखवल्यावर डॉक्टरांनी खुर्चीतून उठून लगेच ॲडमिशनचं सांगितलं. सोबत कागदावर लिहून न्या, खोकला कुठल्या तारखेला सुरू झाला, चोवीस तासांत किती उबळी, किती उलट्या, रंग बदलला का, आणि घरात अजून कोण खोकतंय.

दुसरं काय असू शकतं हेही थोडक्यात बघू. फ्लू अचानक येतो, ताप जोरात असतो, अंग ठणकतं. क्रूपमध्ये, म्हणजे लहान मुलांचं स्वरयंत्र सुजतं त्या आजारात, खोकला कुत्रा भुंकल्यासारखा येतो, आवाज बसतो आणि काही दिवसांत उतरतो. दम्यात श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि इनहेलरने फरक पडतो. टीबी मात्र विसरू नका, दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, भूक जाणं असेल तर थुंकीची तपासणी करूनच घ्या. आणि कोविडची टेस्ट सोपी आहे, तीही करून टाका.

डांग्या खोकल्याची टेस्ट म्हणजे नाकातून पार मागेपर्यंत स्वॅब घालून नमुना घेतात आणि त्याची पीसीआर करतात. खोकला सुरू होऊन तीन-चार आठवडे होईपर्यंत ती उपयोगाची असते, त्यानंतर जिवाणू सापडत नाहीत आणि रक्तातल्या अँटीबॉडीज बघाव्या लागतात. म्हणून उशीर करू नका. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर रिपोर्ट यायची वाट न बघता औषध सुरू करायचं का हे डॉक्टरांना सरळ विचारा, बरेच डॉक्टर नुसत्या संशयावरही सुरू करतात आणि ते बरोबर आहे.

औषध म्हणजे अँटिबायोटिक, बहुतेक वेळा अझिथ्रोमायसिन, पाच दिवस. एरिथ्रोमायसिनही चालतं पण एक महिन्याच्या आतल्या बाळांना ते शक्यतो देत नाहीत, कारण त्याने जठराचं तोंड आवळलं जाण्याचा त्रास होऊ शकतो. आपल्या मनाने दुकानातून आणून देऊ नका, डोस वजनावर ठरतो. ह्यात एक समजून घ्यायची गोष्ट आहे, औषध पहिल्या एक-दोन आठवड्यांत मिळालं तर आजार हलका जातो, उबळी सुरू झाल्यावर मिळालं तर खोकला फारसा कमी होत नाही, कारण तंतू आधीच मोडलेले असतात. मग द्यायचं कशाला? तर दुसऱ्यांना लागू नये म्हणून. योग्य अँटिबायोटिक पाच दिवस पूर्ण झालं की माणूस संसर्ग पसरवत नाही. औषधच घेतलं नाही तर खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवडे पसरवत राहतो. तेवढे दिवस शाळा, पाळणाघर, ऑफिस सगळं बंद. आणि एका घरात राहणाऱ्यांनाही, खोकला नसला तरी, तेच अँटिबायोटिक बचावासाठी देतात, आजारी माणसाचा खोकला सुरू होऊन २१ दिवस व्हायच्या आत, त्यामुळे डॉक्टरांकडे एकट्याचं नाव घेऊन जाऊ नका, घरात कोण कोण आहे ते सगळं सांगा.

खोकल्याच्या सिरपने ह्यात काही होत नाही, आणि लहान मुलांना ती देणं धोक्याचं आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी. घरी करण्यासारखं म्हणजे थोडं थोडं पण वारंवार पाजा-भरवा, उबळ येऊन गेली की लगेच द्या, तेव्हा पोटात टिकण्याची शक्यता जास्त असते. खोलीत धूर अजिबात नको, कसलाच, सिगारेटचा तर नाहीच. खोली शांत ठेवा, मूल जितकं कमी रडेल तितक्या उबळी कमी.

आता टाळायचं कसं, ह्यावर मला जास्त बोलायचंय.

हा आजार पसरायला भयंकर सोपा आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक आजारी माणूस सरासरी १२ ते १७ जणांना देतो, आणि एकाच घरात राहणाऱ्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांना तो होतो. मास्क, हात धुणं, खिडक्या उघड्या ठेवणं, कोपरात खोकणं, हे सगळं करा, उपयोग होतोच, पण फक्त त्याच्या भरवशावर राहता येत नाही. खरा आधार लस.

ही लस कशी आली ते मला फार आवडतं म्हणून सांगते. १९३२ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्समध्ये पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग ह्या दोन बायकांनी सरकारी लॅबमधलं दिवसभराचं काम संपवून संध्याकाळी आजारी मुलांच्या घरोघरी जायला सुरुवात केली, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात मुलाच्या तोंडासमोर काचेची प्लेट धरायची, त्याला तिच्यावर खोकायला लावायचं आणि ती लॅबमध्ये नेऊन जिवाणू वाढवायचे. त्यातून मूल अजून संसर्ग पसरवतंय की नाही हेही कळायचं आणि लसीसाठी जिवाणूही मिळायचे. मुलांना देतात त्या त्रिगुणी लसीतला डांग्या खोकल्याचा भाग ह्या कामातून उभा राहिला.

आणि लस सोडली तर काय होतं तेही बघा. जपानमध्ये १९७४ साली लसीकरण चांगलं होतं, वर्षभरात डांग्या खोकल्याच्या ३९३ केसेस, मृत्यू एकही नाही. मग लसीनंतर दोन बाळं दगावल्याच्या बातम्यांनी लोक घाबरले, १९७६ पर्यंत लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण १० टक्क्यांवर आलं, आणि १९७९ मध्ये १३ हजारांहून जास्त केसेस झाल्या, ४१ जीव गेले. नंतर १९८१ पासून तिथे कमी त्रास देणारी नवीन प्रकारची लस आली आणि आकडे परत खाली आले.

बाळाचे डोस साधारण दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर सुरू होतात, तुमच्याकडच्या कार्डवर जी तारीख आहे त्या तारखेला द्या, 'जरा सर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू' करू नका, साध्या सर्दीत लस देता येते. मांडी दुखेल, एक-दोन दिवस ताप येईल, किरकिर होईल, ते सोसण्यासारखं आहे. पण जन्मापासून पहिल्या डोसपर्यंतचे सहा-आठ आठवडे बाळ उघडं पडलेलं असतं आणि सगळ्यात जास्त मृत्यू ह्याच वयाच्या आसपास होतात. ती फट बुजवायचा उपाय म्हणजे आईने गरोदरपणातच लस घेणं. बऱ्याच देशांत २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात, आईच्या शरीरात अँटीबॉडीज तयार होतात आणि वारेतून बाळाला मिळतात, बाळ जन्मतःच संरक्षण घेऊन येतं. प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यायची, मागच्या वेळी घेतली होती म्हणून चालत नाही. माझ्या बहिणीला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही पोटुशी असाल किंवा घरात कुणी असेल तर पुढच्या तपासणीला स्वतःहून विचारा.

घरातल्या बाकीच्यांनी, बाबा, आजी-आजोबा, सांभाळायला येणारी बाई, सगळ्यांनी बूस्टरबद्दल विचारावं आणि बाळाला हातात घ्यायच्या निदान दोन आठवडे आधी तो घ्यावा. लहानपणी घेतलेली लस आयुष्यभर पुरत नाही, काही वर्षांत तिचा जोर ओसरतो, मला लागण झाली ती ह्यामुळेच.

आणि नाही म्हणायला शिका. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीये, लोक प्रेमाने येतात आणि त्यांना दारात अडवायचं म्हणजे जिवावर येतं. पण "मामा, तुमचा खोकला पूर्ण थांबू द्या, तोवर रोज व्हिडिओ कॉलवर दाखवते बाळाला" एवढं म्हणता येतं, बहुतेक लोक समजून घेतात, आणि जे रुसतील ते नंतर येतील परत. मोठ्या भावंडाला खोकला असेल तर त्याला बाळाची पापी घेऊ देऊ नका, झोपायची सोय वेगळी करा. आईलाच झाला तर दूध तोडायची गरज नसते, अँटिबायोटिक सुरू करायचं, मास्क लावून पाजायचं, हात धुवायचे, नेमकं कसं ते डॉक्टर सांगतील.

संशय असेल तर दवाखान्यात जायच्या आधी फोन करून सांगा की डांग्या खोकला असू शकतो. त्या वेटिंग रूममध्ये दुसरी कुणीतरी दहा दिवसांचं बाळ घेऊन लसीसाठी बसलेली असते. फोन केला तर वेगळी वेळ देतात, वेगळ्या दाराने आत घेतात.

बरं होताना घाई करू नका. उबळी हळूहळू कमी होतात, रात्रीच्या आधी थांबतात की दिवसाच्या हे प्रत्येकाचं वेगळं, आणि दोन-तीन महिन्यांनी साधी सर्दी झाली तरी तोच खोकला परत आल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा तो आजार परत आलेला नसतो, श्वासनळी अजून हळवी असते इतकंच, पण ताप आला, धाप लागली किंवा बाळ असेल आणि पीत नसेल तर दाखवून घ्या, न्यूमोनिया मागाहून होऊ शकतो. आणि एकदा होऊन गेला म्हणून लसीचे राहिलेले डोस सोडू नका, ह्या आजाराने मिळालेली प्रतिकारशक्तीसुद्धा काही वर्षांत उतरते. आमच्या भाच्याचे राहिलेले सगळे डोस नंतर झाले, बूस्टरसकट.